दारफाळणीचा सण

यहूदी पंचांगांतील तिश्री महिन्याची दहावी तिथि हा प्रायश्चित्ताचा दिवस होय. इब्री भाषेंत त्यास 'योम किप्पूर' म्हणतात. तो बहुधा सप्टेंबर किंवा आक्टोबर महिन्यांत येतो. त्याची आज्ञा लेवीय ग्रंथाच्या १६ व्या व २३ व्या अध्यायांत आहे. आदल्या दिवशींच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीं तारे दिसेपर्यंत, सुमारें २५ तास, अन्नपाणी वर्ज्य असतें व कामधंदा बंद असतो. लहान मुलांस हें बंधन नाहीं. आणि ज्याच्या जिवावर बेतलें आहे अशा आजाऱ्यानें तर जेवावें असेंच शास्त्र आहे.

कोंकणांतील मराठी बोलणारे बेने-इस्राएल लोक या दिवसास 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, म्हणत. पूर्वीं ते पांढरीं वस्त्रें लेऊन दारें बंद करून घरांतच राहत; दुसऱ्या दिवशीं 'शिळा सण' पाळून गरिबांस दान देत व आप्तेष्टांच्या भेटी घेत. पुढें १७९६ सालीं त्यांचें मुंबईंतील पहिलें सभास्थान स्थापन झालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'दयेचें द्वार' असा आहे.

परंतु केवळ दार लावून पाप सुटत नाहीं. सुमारें इ. स. २०० मध्यें संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहूदी ग्रंथांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, देवाविरुद्धच्या अपराधाची क्षमा या दिवशीं होते. पण शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर प्रथम त्याचें समाधान केलें पाहिजे, तोंवर हा दिवसही क्षमा देऊं शकत नाहीं.

हें वाचून मला माझी एक चूक आठवते. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी वर्गांत एका निरपराध मुलास चोर म्हटलें. हरवलेलें घड्याळ सायंकाळीं माझ्याच खणांत सांपडलें. देवापुढें मी त्याच रात्रीं रडलों. पण त्या मुलापुढें, सर्व वर्गादेखत, 'माझें चुकलें' हे दोन शब्द उच्चारावयास मला चार दिवस लागले. ते चार दिवस त्या मुलानें चोर म्हणून काढिले!

प्रायश्चित्ताच्या दिवशीं तिसरे प्रहरीं योनाचें पुस्तक वाचतात. निनवेच्या लोकांनीं उपास केला, गोणताट नेसलें. परंतु देवानें पाहिली ती त्यांची कृति, वाईट मार्ग सोडल्याची. म्हणून मुलांनो, ज्याचें मन दुखविलें त्याचें दार आजच ठोठवा. चार दिवस थांबूं नका.