ताल जपला, खेळ जगला

(जुनी वस्तू नव्या रूपात लोकांपुढे आणायची असेल, तर काय बदलावे आणि काय बदलू नये? हा प्रश्न जुनी इमारत दुरुस्त करणाऱ्याला पडतो, जुने गाणे नव्याने गाणाऱ्याला पडतो आणि जुना खेळ पुन्हा तयार करणाऱ्यालाही पडतो. प्रस्तुत पाठात जपानमधील एका व्हिडिओ गेमची हकिकत सांगितली आहे.)

कवायतीच्या तासाला ढोल वाजतो. शंभर मुलांचे पाय एकदम जमिनीवर पडतात. एखाद्याचे पाऊल जरासे उशिरा पडले, तर ते लगेच ऐकू येते. त्या मुलाने पाऊल बरोबरच टाकलेले असते. फक्त त्याची वेळ चुकलेली असते. कव्वालीतील टाळीचेही तसेच आहे. टाळी जोरात वाजली म्हणून ती चांगली ठरत नाही. ती तालावर पडली, तरच शोभते.

याच साध्या गोष्टीवर जपानमध्ये एक व्हिडिओ गेम तयार झाला. त्याचे नाव ‘पॅरॅपा द रॅपर’. तो डिसेंबर १९९६ मध्ये सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’ या यंत्रावर आला. हे यंत्र घरातील टीव्हीला जोडून खेळायचे असे. त्या काळी बहुतेक व्हिडिओ गेममध्ये धावणे, उड्या मारणे, मोटार पळवणे किंवा शत्रूशी लढणे असे. या खेळात मात्र रॅप करायचे होते. रॅप म्हणजे तालावर भरभर म्हटलेले, यमक जुळवलेले बोल. आज तालावर आधारलेले कितीतरी खेळ आहेत. त्यांच्या आरंभी ‘पॅरॅपा’चे नाव आवर्जून घेतले जाते.

हा खेळ मासाया मात्सुउरा यांनी रचला. ते मुळात संगीतकार. खेळांकडे वळण्यापूर्वी ते जपानमधील एका लोकप्रिय संगीतसमूहात होते. त्यांनी स्वतःची एक संस्था काढली आणि तिला ‘नाना-ऑन-शा’ असे नाव दिले. जपानी भाषेत ‘नाना’ म्हणजे सात, ‘ऑन’ म्हणजे ध्वनी आणि ‘शा’ म्हणजे संस्था. सात स्वरांची कल्पना आपल्यालाही परिचित आहे, नाही का? खेळातील पात्रांची चित्रे अमेरिकेतील चित्रकार रॉडनी ग्रीनब्लॅट यांनी काढली. ही पात्रे कागदातून कापून काढल्यासारखी सपाट आहेत. ती वळली की नुसती कडा दिसते. पॅरॅपा या नावातही ‘कागदासारखा पातळ’ अशा अर्थाच्या जपानी शब्दाचा खेळ आहे.

पॅरॅपा हे टोपी घातलेले एक लहान कुत्र्याचे पिल्लू आहे. सनी नावाच्या मैत्रिणीवर त्याला छाप पाडायची आहे. पण त्याच्यापाशी ना पैसा, ना बळ. प्रत्येक अडचणीत तो एकच गोष्ट करतो : शिकायला जातो. कांद्याचे डोके असलेल्या गुरूकडून तो कराटे शिकतो. एका कडक शिक्षिकेकडून मोटार चालवायला शिकतो. पुढे वडिलांच्या मोटारीचे नुकसान होते, तेव्हा पैसे मिळवण्यासाठी तो एका बेडकाच्या हाताखाली जुन्या बाजारात विक्री करतो. एका कोंबडीकडून केक बनवायला शिकतो. मग तो केक इतका खातो, की त्याला शौचालयाकडे धाव घ्यावी लागते. तिथे पाहतो तर काय, चारही गुरू रांगेत पुढे उभे! पुढे सरकायचे असेल, तर प्रत्येकाला रॅपमध्ये हरवायचे. शेवटी, सहाव्या टप्प्यात, तो मोठ्या रंगमंचावर सर्वांसमोर गातो.

खेळण्याची रीत सोपी आहे. आधी गुरू एक ओळ म्हणतात. त्या वेळी पडद्याच्या वरच्या बाजूला एका पट्टीवर त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, फुली अशी चिन्हे दिसतात. मग आपली पाळी येते. तीच चिन्हे असलेली बटणे आपण तालावर दाबायची. बटण वेळेवर दाबले, की पॅरॅपा ती ओळ नीट म्हणतो. वेळ चुकली, की त्याचे बोल अडखळतात. बाजूला शेरा दिसतो : उत्तम, चांगले, वाईट किंवा फारच वाईट.

यातील ‘उत्तम’ शेऱ्यात एक गंमत आहे. केवळ गुरूची नक्कल करून तो मिळत नाही. टप्पा एकदा पार केल्यावर, ताल न सोडता, आपल्या मनाने काही वेगळे वाजवून दाखवावे लागते. ते जमले, की गुरू बाजूला होतात आणि शिष्याला मोकळे सोडतात. दोनदा चुकले, तर गुरू परत येतात. गायन शिकणाऱ्याला ही रीत नवी नाही. आधी गुरूच्या मागोमाग म्हणायचे. पुढे तालात राहून स्वतःची भर घालायची.

दहा वर्षे गेली. यंत्रे बदलली. डिसेंबर २००४ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ हे हातात धरून खेळायचे यंत्र जपानमध्ये आणले. त्याला थोडक्यात ‘पीएसपी’ म्हणत. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे २८० ग्रॅम होते. पडदा ४.३ इंचांचा होता. जुन्या प्लेस्टेशनची तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची असे. याची तबकडी केवळ ६ सेंटिमीटरची होती. तरीही या लहानशा यंत्राची कामाची गती जुन्या यंत्राच्या जवळजवळ दहापट होती. जुन्या यंत्राची मुख्य स्मृती २ मेगाबाइट होती; याची ३२ मेगाबाइट.

पॅरॅपाच्या दहाव्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २००६ मध्ये, हा खेळ जपानमध्ये पीएसपीवर पुन्हा आला. २००७ मध्ये तो अमेरिका आणि युरोपमध्येही पोहोचला. आता विचार करा. हाती दहापट वेगवान यंत्र आले होते. पात्रे गुबगुबीत करता आली असती. आणखी टप्पे, आणखी गुरू, नवी गोष्ट घालता आली असती. तसे केले नाही. सहा टप्पे तेच राहिले. गुरू तेच, बोल तेच आणि चिन्हांची पट्टीही तीच राहिली. सपाट, ठळक रंगांची चित्रे लहान पडद्यावर शोभून दिसली. नवे होते ते मुख्यतः दोन गोष्टींत. एक म्हणजे, टप्प्यांसाठी वेगळ्या ढंगाचे संगीत इंटरनेटवरून उतरवून घेता येई. दुसरे म्हणजे, चार जणांना आपापले यंत्र घेऊन, तारेविना, एकमेकांबरोबर खेळता येई. नवे काम जुन्याच्या शेजारी ठेवले. जुन्याच्या जागी नाही.

आणखी एक गोष्ट या यंत्राच्या घडणीतच होती. पीएसपीमध्ये पडदा, ध्वनी आणि बटणे एकाच पेटीत होती. बोट, डोळा आणि कान यांच्यामध्ये दुसरे यंत्र नव्हते. ही गोष्ट किती मोलाची, हे पुढे दहा वर्षांनी कळले.

एप्रिल २०१७ मध्ये, विसाव्या वर्षानिमित्त, हाच खेळ ‘प्लेस्टेशन ४’ या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. चित्रे पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ झाली होती. जुने चाहते हौसेने खेळायला बसले; पण अनेकांचा ताल जमेना. समीक्षकांनीही तीच तक्रार केली : आपण वेळेवर बटण दाबतो, तरी खेळ चूक धरतो. पुढे जाणकारांनी या आवृत्तीची तपासणी केली, तेव्हा एक आश्चर्याची गोष्ट दिसली. तिच्या पोटात पीएसपीचाच खेळ चालत होता! खेळ तोच होता. मग बिघडले कुठे?

याचे उत्तर समजण्यासाठी थोडे गणित करू. एका मिनिटात १२० ठोके पडणारा ताल घ्या. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. एका ठोक्याचे चार भाग केले, तर एक भाग सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ०.१२५ सेकंद होतो. जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र जसे येई तसे लगेच दिसे. आजचा सपाट टीव्ही तसे करत नाही. तो आधी चित्र साठवतो, ते पडद्याच्या मापाचे करतो, त्याचे रंग सुधारतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचे काही शतांश भाग जातात. कधी कधी एक दशांश सेकंदही जातो. चित्राशी मेळ राहावा म्हणून टीव्ही ध्वनीही थोडा रोखून धरतो. चित्रपट पाहताना हा उशीर आपल्या लक्षातही येत नाही. पण तालाच्या खेळात ०.१ सेकंद म्हणजे जवळजवळ पाव ठोका! आपल्या कानावर ठोका पडतो, तेव्हा यंत्राच्या हिशेबात तो होऊन गेलेला असतो. शिवाय प्रत्येक घरातला टीव्ही वेगळा, म्हणून प्रत्येकाचा उशीरही वेगळा. कवायतीत ढोल मैदानाच्या पार टोकाला वाजला, तर मागच्या मुलांची जी अडचण होईल, तीच इथे झाली.

म्हणजे २००६ मध्ये हातातल्या लहान पडद्यावर जे जमून आले, ते २०१७ मध्ये मोठ्या, सुंदर पडद्यावर अनेकांना जमले नाही. चित्र सुधारले, ताल निसटला. चित्र अस्पष्ट असते, तर खेळाडूंनी चालवून घेतले असते. तालाबाबत मात्र कोणी तडजोड करायला तयार नव्हते. कारण तो खेळाचा दागिना नव्हता. तो त्याचा प्राण होता.

पीएसपीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आज ते यंत्र जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा हौशी लोकांच्या कपाटांत आढळते. पॅरॅपाला पुन्हा केव्हातरी नव्या यंत्रावर यावे लागेल. खेळाची यंत्रे बदलतच राहतात. जो खेळ नव्या यंत्रावर येत नाही, तो हळूहळू विसरला जातो. म्हणूनच असे काम करणाऱ्यांनी आधी एक प्रश्न विचारायला हवा : या वस्तूचा प्राण कशात आहे? तो सापडला, की बाकीचे बदल निर्धास्तपणे करता येतात. तो सापडला नाही, तर कितीही खर्च केला, तरी हाती नुसते चित्र उरते.

मुलांनो, हा प्रश्न केवळ खेळांचा नाही. आजीची पाककृती, वडिलांच्या वहीतील गझल, मोहल्ल्यातील जुनी विहीर अशा कितीतरी गोष्टी उद्या तुमच्या हाती येतील. त्यांना नवे रूप देण्यासाठी जरूर कंबर कसा. मात्र त्याआधी थोडा वेळ शांत बसा आणि त्यांचा ठोका कुठे पडतो, ते नीट ऐका.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
आवर्जून – मुद्दाम लक्षात ठेवून
यमक – ओळींच्या शेवटी सारखे उच्चार येणे
नक्कल – अनुकरण
तबकडी – गोल, चपटी चकती
समीक्षक – गुणदोष सांगणारा
आवृत्ती – वस्तूचे नव्याने काढलेले रूप
शतांश – शंभरावा भाग
तडजोड – दोन्ही बाजूंनी थोडे सोडून केलेला मेळ
निर्धास्तपणे – काळजी न करता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘नाना-ऑन-शा’ या नावाचा अर्थ काय?
(आ) पॅरॅपा अडचणीत सापडला, की काय करतो?
(इ) पीएसपीची तबकडी किती सेंटिमीटरची होती?
(ई) ‘पॅरॅपा’ पीएसपीवर केव्हा आला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘उत्तम’ शेरा मिळवण्यासाठी खेळाडूला काय करावे लागते?
(आ) २००६ च्या आवृत्तीत काय बदलले आणि काय तसेच राहिले?
(इ) आजच्या टीव्हीवर ताल का चुकतो?

प्र. ३. एका मिनिटात १०० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये किती सेकंदांचे अंतर असेल?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : छाप पाडणे, धाव घेणे, कंबर कसणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा : जुने, उशिरा, स्वच्छ, गुरू.

प्र. ६. चर्चा करा : ‘आपल्या घरातील एक जुनी गोष्ट आणि तिचा प्राण.’ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळी लिहून आणा.