कापड सांगतं हृदयाची खबर

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ईसीजी काढताना पाहिलं असेल. छातीवर थंड, चिकट जेल लावतात, हातापायांना चिमटे लावतात आणि कागदावर वरखाली रेघ उमटते. यातलं काही काम आता कापडाचा पट्टाही करतो. कसं ते या पाठात पाहू.

१) शरीरात वीज?

हो, असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूतून विजेची बारीक लहर जाते. ती कातडीपर्यंत पोचते तेव्हा साधारण १ मिलिव्होल्ट उरते. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा दीड हजारावा भाग! ईसीजीचं यंत्र ही वीज फक्त मोजतं. त्यामुळे शॉक बसेल ही भीती मनातून काढून टाका.

ही नोंद नीट घेण्याचं यंत्र नेदरलँड्सचे डॉ. विलेम आइंटहोवेन यांनी बनवलं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं. आजचं जेल तेच काम करतं.

२) मग कापड काय करतं?

साध्या सुती धाग्यातून वीज नीट जात नाही. म्हणून नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा पातळ थर देतात. आपल्याला हे नवं नाही. जुन्या पैठणीच्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची बारीक तार गुंडाळलेली असायची. असा चांदीचा धागा विणून किंवा भरतकाम करून पट्ट्याच्या आतल्या बाजूला बसवतात. तो कातडीला टेकतो आणि खारा घाम जेलचं काम करतो.

शिवणकाम करणाऱ्या ताईंना यातली मेख लगेच कळेल, ती म्हणजे माप. पट्टा सैल असला की सरकतो आणि रेघ चुकीची येते. फार घट्ट असला तर काचतो. कातडी कोरडी असेल तर चांदीचा भाग आधी पाण्याने ओला करावा लागतो. ब्लीच किंवा घासणी वापरली तर चांदीचा थर निघून जातो.

३) फायदा काय, मर्यादा काय?

काही जणींना मधूनच धडधडतं, पण दवाखान्यात जाईपर्यंत सगळं शांत होतं आणि ईसीजी चांगला येतो. अशा वेळी दिवसभर घेतलेली नोंद डॉक्टरांच्या कामी येते. जेलच्या चिकट पट्टीने खाज सुटते, तो त्रास कापडात कमी होतो.

पण छातीच्या साध्या पट्ट्यावरून हार्ट अटॅक आहे की नाही, हे ठरवता येत नाही. दवाखान्यात १० ठिकाणी जोडणी करून हृदय १२ बाजूंनी तपासतात. म्हणून “पट्ट्यावर ठोके बरोबर दिसतायत” म्हणून घरी थांबू नका.

४) हे पाठच करा

बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच, पण कधी कधी फक्त धाप लागते, मळमळतं, दरदरून घाम येतो, पाठ किंवा जबडा दुखतो, खूप गळून गेल्यासारखं वाटतं. आपण म्हणतो, “पित्त झालं असेल, भाकरी टाकून मग बघू.” तसं करू नका. अचानक असं झालं तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि ब्लाऊज काढावा लागेल म्हणून ईसीजी टाळू नका. पडदा लावायला सांगा, नर्सताईंना थांबायला सांगा. तसं मागण्यात काही चूक नाही.

गटात चर्चा करा

१. ईसीजीने शॉक का बसत नाही?
२. पट्टा सैल असेल तर काय होतं?
३. आपल्या गावापासून ईसीजीची सोय किती लांब आहे? रात्री गाडी कोणाची मिळेल? दोन्ही उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा.