प्लास्टिकच्या बाहुलीचा जुना रंग काढताना

शोकेसमधील बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या बाहुल्या नव्याने रंगवण्यासाठी आम्ही त्या थिनरमध्ये बुडवल्या. रंग गेला, पण चेहरेही विरघळले. थिनर आणि अॅसिटोन पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवतात, हा धडा नुकसान सोसून मिळाला.

वाचक बंधूंनो, उपाय घरातच आहे. काचेच्या बरणीत पाणी न घालता डेटॉल ओतावे. त्यातील अल्कोहोल व टर्पिनिऑल रंग सैल करतात. बाहुली 24 तास बुडवावी. मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने रंग घासावा.

या वेळी पाणी लावू नये. सुटलेला रंग चिकट होऊन पुन्हा बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्ये खंगाळावे, नंतरच भांड्याच्या साबणाने धुवावे.

प्रथम एकच बाहुली बुडवून पाहावी, मग बाकीचा माल.