कमरेत नव्हे, खुब्यात वाका

साडी पायात यायला लागली तेव्हा मी परकराच्या नाडीला बोल लावत होते. आपली उंचीच कमी होतेय, हे ध्यानात आलं नाही. मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला, मणक्याचा टी-स्कोअर उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ.

घाबरून मी लगेच योगवर्गात नाव घातलं. रिपोर्टबद्दल तिथल्या शिक्षकांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पश्चिमोत्तानासनात अंगठे धरायचेच, या हट्टाने जोर लावला आणि पाठीत कट्ट झालं. उसण समजून चार दिवस बाम चोळला. एक्स-रेत दिसलं, कमरेचा पहिला मणका पुढून चेपलाय.

पुढे वाकलं की बराचसा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. अभ्यास लहान, पण माझ्या पाठीला तो पटला.

त्यानंतरची चूक मात्र मोठी. मी हलायचंच सोडलं. तीन महिन्यांत मांड्या इतक्या वाळल्या की सोफ्यावरून उठायला हाताचा टेकू लागे. पडून हाड मोडतं ते अशाच पायांमुळे.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी वजन दिलंच नाही, झाडूची काठी दिली. ती पाठीवर उभी धरायची; डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं हवं. गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून वाकायचं, काठी सुटता कामा नये. माझी पहिल्याच झटक्यात सुटली. आठवडाभर तेवढंच. आता खालच्या फळीवरचा तांदळाचा डबाही मी तसाच काढते. मग खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीवर जोर, ओट्याला धरून टाचा उचलणं. पाण्याच्या बाटल्यांवरून डंबेल्सवर आले. दहा वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं, नाहीतर हाडाला काही कळत नाही. रोजचं चालणं चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही.

ऑस्ट्रेलियात अठ्ठावन्नच्या पुढच्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता वाढली. तज्ज्ञ शेजारी उभे होते, हे विसरून घरी गॅसचा सिलिंडर उचलू नका. डॉक्टरांनी दिलेली औषधंही बंद करू नका.

आणि कुठल्याही वर्गाला जाल, तर डेक्साचा रिपोर्ट पिशवीत टाका. कुणी विचारला नाही तरी दाखवा.