कर्करोगाची चाहूल घेणारे जेल

‘डॉक्टर, कॅन्सर लवकर कळेल अशी सोपी तपासणी निघाली का हो?’ हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. आज अशाच एका प्रयोगाविषयी.

सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जाळीदार पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. जपानच्या कान्साई विद्यापीठात ताकाशी मियाता व सहकाऱ्यांनी २००६ साली एक खास जेल तयार केल्याचे प्रसिद्ध केले. यकृताच्या कर्करोगात रक्तात अनेकदा वाढणारे ‘एएफपी’ हे प्रथिन भेटताच ते आकसते. जेलच्या जाळीला दोन प्रकारचे रेणू जोडलेले असतात. एक या प्रथिनावरील शर्करेची साखळी पकडतो, दुसरा त्याचा मूळ प्रथिनभाग. दोघांनी एकदम पकडले की जाळीचे धागे जवळ ओढले जातात.

मात्र हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. शिवाय एएफपी गरोदरपणात व यकृताच्या सुजेतही वाढते. म्हणून जुनाट ‘हेपॅटायटिस बी’ किंवा सिरॉसिस असलेल्यांनी नव्या शोधाची वाट पाहत बसू नये. डॉक्टरांना विचारून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ लहान असतानाच सापडली, तर उपचाराला वाव राहतो.