पूर्णविरामानंतरची जागा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण टाइपरायटरचा खडखडाट घरात माझ्या जन्माआधीपासून होता. काका दहावीनंतर टायपिंगची परीक्षा पास झाले आणि सोलापुरात कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाइप करून देऊ लागले. त्यांनी मला पहिला धडा दिला तो बोटांचा नव्हे, मोकळ्या जागेचा. इंग्रजीत स्वल्पविरामानंतर एक स्पेस, पूर्णविरामानंतर दोन.

गेल्या वर्षी इंग्रजीचा प्रकल्प मी त्याच शिस्तीने संगणकावर टाइप केला. तो परत आला तेव्हा पानोपानी तांबड्या खुणा : 'जादा जागा'. दोन गुण गेले. गुणांचे काही वाटले नाही. काकांचे शिकवणे चूक ठरले, हे मनाला लागले. म्हणून शोध घेतला.

टाइपरायटरवर बहुतेक सर्व अक्षरांना सारखीच रुंदी मिळते. इंग्रजी 'आय' किडकिडीत, 'एम' ऐसपैस, पण जागा दोघांना तेवढीच. त्यामुळे ओळीत आधीच फटी दिसतात. वाक्य संपल्याची फट त्यांतून उठून दिसावी म्हणून दोन स्पेस. (तसे पाहता टाइपरायटरच्या आधीच्या इंग्रजी छपाईतही वाक्यानंतर मोठी जागा सोडत.) संगणकावर बहुधा प्रत्येक अक्षराला आपापल्या मापाची रुंदी असते, तेव्हा एक स्पेस पुरते. २०२० पासून मायक्रोसॉफ्ट वर्ड दोन स्पेस ही चूक म्हणून दाखवू लागले. म्हणजे काका चुकले नव्हते, यंत्र बदलले होते.

मराठीत तर आणखीच गंमत. मोडीत शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, मग विरामचिन्हे कुठली? इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुळवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. हिंदीने वाक्याअखेरचा दंड राखला, मराठीने टिंब घेतले. पण अपूर्णविरामाने घोटाळा केला. इंग्रजीत तो शब्दाला चिकटून येतो. मराठीत चिकटवला की त्याचा विसर्ग होतो! 'विषय:' असे टाइप केले तर संस्कृतच्या तासाला बसणारा त्याला सरळ प्रथमेचे एकवचन म्हणेल. म्हणून आपल्या सरकारी पत्रांत 'विषय :-' असे, मध्ये जागा सोडून आणि पुढे रेघ जोडून लिहितात. फ्रेंचांतही या चिन्हाआधी जागा सोडतात, आणि त्यांना तर विसर्गाचे भय नाही.

हाच न्याय काही जण पूर्णविरामाला लावतात, तो मात्र चूक. टिंबाआधी स्पेस दिली की ओळ भरताच टिंब एकटेच पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन बसते. आपल्याकडच्या लग्नपत्रिका पाहाव्यात.

हे सारे काकांना सांगितले. ते म्हणाले, "कॉलेजात एकच दे लेका. माझ्या मशीनवर बसलास तर दोन." मशीन आता माळ्यावर आहे. हा लेख मी एका स्पेसने टाइप केला. अंगठा अजून दुसऱ्यांदा पट्टीवर जातो.