आईच्या नावाची दोन अक्षरं

अगं, सोमवारपासून ही खुर्ची तुझी. लॅपटॉपचा पासवर्ड, कपाटाच्या किल्ल्या, मासिक रिपोर्टची तारीख हे सगळं हँडओव्हरच्या कागदावर लिहून ठेवलंय. त्या कागदावर जे मावलं नाही, ते इथे सांगते. सुईने नशा घेणाऱ्यांना नव्या सुया देणाऱ्या या सेंटरमध्ये मी बावीस वर्षं नोंदी ठेवल्या. आधी रजिस्टरात, मग एक्सेलमध्ये, मग सरकारी पोर्टलवर. ज्या चुका पुढे सांगणार आहे, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच हातून झाल्यात.

सुरुवात कोडपासून कर. स्टेशनजवळचा माणूस आज राजू असतो, उद्या सलमान. नावावरून कुणीतरी उचलून नेईल ही त्याची भीती खरी आहे, म्हणून तू त्याला खोटारडा समजू नकोस. त्याच्या नावावर कोड बांधलास तर एकाच माणसाचे तीन होतात. म्हणून आपण आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं घेतो, वडलांच्या नावाचं एक, गावच्या जिल्ह्याचं एक आणि जन्मसाल. आईचं नाव कुणी बदलून सांगत नाही.

पण हा प्रश्न कधी विचारायचा, हे शीक. एका मुलाला मी रांगेत, सगळ्यांसमोर, टाइप करता करता आईचं नाव विचारलं होतं. तो काही न बोलता सुया तशाच ठेवून निघून गेला, तो पाच महिन्यांनी परत आला. दोन्ही दंडांवर गळवं घेऊन. तेव्हापासून मी आधी सुई देते, चहा देते, बसायला सांगते. मग खुर्ची जवळ ओढून हळू विचारते. सांगितलं नाही तर त्या जागी ‘क्ष’ टाक. पुढच्या खेपेला सांगेल. आधार कार्ड सुईच्या टेबलावर कधीच मागू नकोस. सरकारी यादीसाठी नाव लागतं तिथे ते वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या पासवर्डखाली. रोजच्या तक्त्यात फक्त कोड.

वयाचं तर विचारूच नकोस. जानेवारीत अठ्ठावीस सांगणारा जूनमध्ये पस्तीस सांगतो, कारण त्यालाच माहीत नसतं. जन्मसाल अंदाजे ठरव, पुढे ‘अंदाजे’ अशी खूण कर, आणि एकदा ठरलं की बदलू नकोस. अक्षरं इंग्रजीत टाइप करतेस तर शकुंतलाचा ‘श’ कसा लिहायचा, शांताबाईचा कसा, याचा एक तक्ता भिंतीवर लाव. नाहीतर तुझी सुट्टी असेल त्या दिवशी दुसरं कुणी वेगळा लिहील आणि एक नवाच माणूस जन्माला येईल.

आता सुयांची गणती. किती दिल्या आणि किती परत आल्या, हे दोन आकडे कायम वेगळे. दहा दिल्या म्हणून दहा आल्या असं कधी लिहू नकोस, महिनाअखेर कितीही दिसायला छान वाटलं तरी. आणि परत आलेल्या सुया मोजायला डबा उघडायचा नाही, हात घालायचा नाही, ओतायच्या तर नाहीतच. त्यालाच विचार किती आणल्यास, नाहीतर डबा किती भरलाय त्यावरून अंदाज घे आणि ‘अंदाज’ असं लिही. हेपॅटायटिस सी चा विषाणू सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात कित्येक आठवडे टिकू शकतो. वस्तीत फिरून सुया वाटणाऱ्या एखाद्या साथीला, म्हणजे पीअरला, सुई टोचलीच तर वेळ लगेच नोंदव आणि ताबडतोब हॉस्पिटलला पाठव. एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांच्या पुढे त्यांचा उपयोग धरत नाहीत.

शून्य आणि रिकामा रकाना यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे विचारलं आणि काही नव्हतं. रिकामा म्हणजे विचारलंच नाही. पोर्टल काही वेळा रिकामी जागा घेत नाही म्हणून मुलं शून्य ठोकतात. मग वर्षाअखेर दिसतं की या वस्तीत कुणालाच गळू झालं नव्हतं, आणि मलमपट्टीचं सामान कापलं जातं.

सुईचा आकार स्वतंत्र लिही. ही माझी सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून नीट ऐक. एके वर्षी मी काम सोपं व्हावं म्हणून सगळे आकार एका रकान्यात गोळा केले, ‘एकूण सुया’. वरून माल आला तो एकाच आकाराचा, जाड. ज्यांच्या हाताच्या शिरा बुजल्या होत्या, ज्यांना बारीक सुईच चालायची, त्यांना ती घालता येईना. कपाट भरलेलं आणि माणसं एकमेकांच्या जुन्या सुया वापरतायत, असं दीड महिना चाललं. रिपोर्टात मात्र आपलं वाटप भरपूर दिसत होतं.

एखादा माणूस एकदम वीस-पंचवीस मागेल. पोर्टलवरून विचारणा होईल की एकाला इतक्या कशाला. त्याला घाबरून हात आखडू नकोस. तो मागे पुलाखाली बसलेल्या चौघांसाठी नेत असतो, जे इथवर चालत येऊ शकत नाहीत किंवा येत नाहीत. बायका तर बहुतेक अशाच, दुसऱ्याच्या हातून सुई घेणाऱ्या. ‘स्वतःसाठी’ आणि ‘इतरांसाठी’ असे दोन रकाने कर. त्या दुसऱ्या रकान्यातूनच तुला कळेल की आपण कुठे पोचत नाही आहोत.

पीअरला फील्डवर फोनमध्ये नोंदी भरायला लावू नकोस. पडक्या भिंतीआड चौघे बसलेत आणि समोरच्याने खिशातून फोन काढला, की त्यांना वाटतं फोटो निघाला. पावसात नेटवर्क नसतं ते वेगळंच. छोट्या वहीत रेघा मारू दे, चार उभ्या आणि एक आडवी. संध्याकाळी सेंटरमध्ये त्याच्या शेजारी बसून तू एंट्री कर. तो बोलतो तेव्हा वहीत नसलेलं बरंच कळतं. पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. आणि तारखेचं जप: काही फोन महिना आधी दाखवतात, मग ४ जुलै ७ एप्रिल होतो.

जागा लिहायची ती वस्तीच्या नावापुरती. फोनचं लोकेशन बंद. नकाशावर ठिपके असलेली फाइल चुकीच्या हाती गेली तर ती धाडीची यादी होते. गळवाचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा असेल तर चेहरा नको, गोंदण नको, आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको.

पोलीस कधीतरी येतील आणि रजिस्टर मागतील. आवाज चढवू नकोस आणि घाबरूही नकोस. पाणी दे, लेखी मागणी माग, प्रोजेक्ट मॅनेजरला फोन लाव. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं सेवनही गुन्हा आहे, म्हणून आपली यादी त्या माणसावर उलटू शकते. दुसरीकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. तो सुई देण्याच्या या कामाला संरक्षण देतो, आणि कुणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय उघड करू नये असं सांगतो. त्या कायद्याची प्रत वरच्या खणात, पिवळ्या फोल्डरमध्ये आहे. मी ती दोनदा काढून दाखवली आहे.

शेरा लिहिताना ‘गर्दुल्ला’ हा शब्द आपल्या स्क्रीनवर दिसता कामा नये. ‘त्रास देतो’ असंही नको. काय झालं ते लिही: ‘झोप नाही, दोन दिवस जेवला नाही, मोठ्याने बोलला.’ डॉक्टरांना त्यातून काहीतरी हाती लागतं.

नशेच्या सुईऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली रोज समोर देतात, त्याचा तक्ता वेगळा आहे. त्यात चुकलेला दिवस हा दिलेल्या गोळीइतकाच महत्त्वाचा, कारण बरेच दिवस चुकले की डोस डॉक्टरच पुन्हा ठरवतात. तिथेच मी एक जास्तीचा रकाना जोडलाय, कुणी सांगितलं नव्हतं तरी: ‘तुरुंगातून सुटल्याची तारीख’. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर येऊन जुनंच प्रमाण घेतलं की श्वास थांबतो. त्या रकान्यात नवी तारीख पडली की त्याच दिवशी पीअरला पाठव, दोन आठवडे डोळा ठेवायला सांग, आणि नॅलोक्सोनची, म्हणजे थांबलेला श्वास परत आणणाऱ्या औषधाची, मुदत तपासून घे.

बॅकअप दर शनिवारी, दोन ठिकाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपली रजिस्टरं सर्वांत खालच्या फळीवर होती. निळी शाई पसरून सगळी पानं एक झाली. कोण औषधावर आहे, कुणाची तपासणी बाकी आहे, हे पुन्हा गोळा करायला पावसाळा संपला.

आकडे कुलपात ठेवू नकोस. ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ साली सुई बदलून देणं सुरू झालं, ते नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने धरलेल्या आग्रहातून. हे काम मुळात त्यांचं आहे. दर महिन्याला साध्या कागदावर उभ्या काड्या काढून सेंटरच्या भिंतीवर लाव, कोड न लिहिता. परतीच्या सुया घटल्या की आपण मीटिंग घेऊन कारणं शोधत बसतो. मागच्या मार्चमध्ये चहा पिता पिता एकाने काडीकडे बोट दाखवून सांगितलं, पुलाखाली पत्रे ठोकलेत, डबा आता पलीकडे आहे, रूळ ओलांडून कोण जाणार. दुसऱ्या दिवशी डबा हलवला.

आणि गेलेल्या माणसाची नोंद पुसू नकोस. ‘मृत’ लिही, तारीख लिही, पीअरच्या पाठपुराव्याच्या यादीतून त्याच दिवशी काढ. एकदा माझ्याकडून ते राहून गेलं. पीअर पुलाखाली जाऊन त्याला हाका मारत राहिला, आणि आठवड्यापूर्वी ज्यांनी त्याला खांद्यावरून हॉस्पिटलात नेलं होतं, ते तिथेच बसले होते. आता यादी पाठवण्याआधी मी दर वेळी तो एक रकाना वरपासून खालपर्यंत वाचते. सोमवारी तूही वाच. त्यात या महिन्यातले तीन कोड आहेत.